प्लेटलेट्स अडीच लाख, तरी भाचीचं रक्त थांबत नाही, असं का?

साताऱ्याची_मावशी:
बहिणीची मुलगी ९ वर्षांची आहे. लहानपणापासून घोळणा फुटतो, घरात सगळे उष्णता उष्णता म्हणून डोक्यावर पाणी थापत बसले. मागच्या महिन्यात दुधाचा दात पडला तर दोन दिवस रक्त थांबेना, उशीचा अभ्रा लाल. आता डॉक्टरांनी ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया सांगितलंय, कुठलं तरी इंटिग्रिन कमी आहे म्हणे. पण रिपोर्टात प्लेटलेट्स अडीच लाख! डेंग्यूत काउंट पडला की रक्त जातं एवढंच आम्हाला माहीत. कोणीतरी समजेल असं सांगा, बहीण रात्र रात्र झोपत नाहीये.

लॅबवाला:
ताई, काउंट म्हणजे नुसती हजेरी. कबड्डीत सातही गडी मैदानात आहेत पण साखळीच धरता येत नाही असं समजा. इंटिग्रिन म्हणजे ते हात. प्लेटलेटवर एरवी ते मिटलेले असतात, नाहीतर वाहत्या रक्तातच गुठळ्या झाल्या असत्या. जखम झाली की उघडतात आणि फायब्रिनोजेन नावाचं रक्तातलं प्रोटीन पकडतात, त्याचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट पकडते, असं करत बूच बसतं. आम्ही टेस्टला प्लेटलेट्सवाला गढूळ प्लाझ्मा घेऊन त्यात एडीपी, म्हणजे प्लेटलेट्सना जागं करणारं रसायन, टाकतो, एरवी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून तो काही मिनिटांत निवळतो, या मुलांचा तसाच गढूळ राहतो, ग्राफची रेघ सपाट. फ्लो सायटोमेट्रीत (पेशीवरची प्रोटीन्स मोजायची टेस्ट) सीडी ४१ आणि सीडी ६१, म्हणजे याच इंटिग्रिनचे दोन भाग, बघितले का विचारा. नसेल तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्ताच्या आजारांवर काम करणारी, राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा.

रत्नांग्रीकर:
यातलीच एक गोष्ट, आमच्याकडचं फुरसं आहे ना, त्याच्या विषातलं एक प्रोटीन नेमके हेच हात धरून ठेवतं. ते बघून टायरोफिबान औषध बनवलं, हार्ट अटॅकवाल्यांना देतात, माझ्या वडिलांना अँजिओप्लास्टीच्या वेळी दिलं होतं. म्हणजे तुमच्या भाचीत जे जन्मतः आहे ते तिथे मुद्दाम काही तासांपुरतं करतात.

नीलिमा_३४:
ताई, मला स्वतःला हेच आहे. नोकरी करते, दोन दाढा काढून झाल्यात. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक घरातून बाहेर काढा, ताप आला तर पॅरासिटामॉल. घोळणा फुटला की मान मागे नाही, पुढे, आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून १५ मिनिटं दाबायचा, मधे सोडून बघायचं नाही. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्त थांबायला मदत करणारं औषध, कधी आणि किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्लेटलेट्स उठसूट चढवू देऊ नका, शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि मग खऱ्या गरजेला लागू पडत नाहीत. आणि पहिली पाळी यायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, माझ्या आईला कोणी सांगितलं नव्हतं, हिमोग्लोबिन ४ वर गेलं होतं माझं.

साताऱ्याची_मावशी:
नीलिमाताई, तुमचं वाचून दाखवलं तर बहीण रडायलाच लागली, पण बऱ्याच दिवसांनी जेवली नीट. तिचं लग्न मामाच्या मुलाशी झालंय, धाकटा ३ वर्षांचा आहे, त्याचं काय?

लॅबवाला:
आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच आजार होतो, म्हणजे प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. एकाच घराण्यातले असले की दोघांकडे तोच जीन असणं जास्त घडतं, यात कुणाचा दोष नाही हे बहिणीला सांगा. धाकट्याचंही सॅम्पल त्याच दिवशी द्या. आधी फोन करून वेळ घ्या, साताऱ्याहून बाटली पाठवू नका, रक्त ताजंच लागतं, मुलांना घेऊनच या.