ईगल क्लॉ मोहीम, १९८० : रेडिओ मौन इतके कडक हवे होते का?

दूरवेध : इराणची राजधानी तेहरानमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी २४ एप्रिल १९८० रोजी ‘निमित्झ’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून आठ आरएच-५३डी हेलिकॉप्टरे निघाली. किमान सहा आवश्यक असताना चालू स्थितीतील पाचच उरली आणि मोहीम ‘डेझर्ट वन’ या इराणी वाळवंटातील तळावरच सोडावी लागली. खापर बहुधा वाटेत लागलेल्या धुळीवर फोडले जाते. परंतु उपकरणे बिघडल्याने पाचव्या क्रमांकाचे हेलिकॉप्टर मागे फिरले, तेव्हा पुढे तळावर हवा स्वच्छ होती आणि वैमानिकाला त्याचा पत्ता नव्हता, असे वाचनात आले. रेडिओ मौन, म्हणजे शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवरून काहीच न बोलणे, तांत्रिकदृष्ट्या खरोखर इतके अपरिहार्य होते का?

लघुलहरी : माझ्या मते नव्हते. प्रक्षेपण करणाऱ्या संचाची दिशा शत्रूला काढता येते. नुसत्या ऐकणाऱ्या संचाचा ठावठिकाणा दुरून लावणे मात्र जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे हेलिकॉप्टरांना काहीही न बोलता बाहेरून आलेला एखादा सांकेतिक शब्द ऐकता आला असता. पुढे गेलेल्या सी-१३० या मालवाहू विमानांना ती धूळ आधीच लागली होती, म्हणजे माहिती होती, फक्त ती मागे पोहोचली नाही. अत्यावश्यक माहिती अल्प धोक्यात पोहोचवण्याचे मार्ग उपलब्ध होते, असे ॲडमिरल हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी अहवालानेही नमूद केले आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे हवामान अधिकाऱ्यांचा वैमानिकांशी थेट संपर्कच नव्हता. तेव्हा घोड्याने पेंड खाल्ली ती उड्डाणाआधीच, आणि त्याचा दोष रेडिओला देता येत नाही.

पंखा-पाते : सहाव्या क्रमांकाच्या हेलिकॉप्टरचाही विचार व्हावा. या हेलिकॉप्टरच्या पात्याच्या पोकळ कण्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. पात्याला तडा गेला की वायू निसटतो, दाब उतरतो आणि वैमानिकाला इशारा मिळतो. मात्र झडपेतून किंवा जोडातून गळती झाली तरी तोच इशारा येतो. चालक दलाने वाळवंटात उतरून पाहणी केली, हेलिकॉप्टर तेथेच सोडले आणि ते आठव्यात बसून पुढे गेले. दाबमापक आपले काम चोख करत होता. त्या इशाऱ्याचे वजन किती मानायचे, हे ठरवण्याचे साधन मात्र त्या रात्री कोणाजवळ नव्हते. याउलट, मेजर जॉन कार्नी यांनी काही आठवडे आधी ‘डेझर्ट वन’ येथे गुपचूप उतरून पुरलेले अवरक्त (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे) दिवे विमानातून दूरनियंत्रणाने लागले. साधी योजना, पण उत्तम चालली.

दूरवेध : दोघांचेही आभार. भूपृष्ठानुसारी रडार, म्हणजे जमिनीचे चढउतार टिपून त्यानुसार कमी उंचीवरून उडायला मदत करणारे रडार असते, तर धुळीचा प्रश्न सुटला असता का?

लघुलहरी : बऱ्याच अंशी सुटला असता. असे रडार आणि उष्णतादर्शक कॅमेरा असलेली ‘पेव्ह लो’ हेलिकॉप्टरे मे १९८० मध्ये, म्हणजे या अपयशानंतर लगेच, अमेरिकी हवाई दलाच्या विशेष मोहीम पथकाकडे सोपवण्यात आली. मात्र रडार स्वतःच लहरी फेकते, म्हणून ते कधी सुरू ठेवायचे आणि कधी बंद, हा निर्णय वैमानिकाला घ्यावाच लागतो.