पाच किलोंनी हृदयाला खरंच फरक पडतो का? सल्ला हवा

घननीळ:
वय ५१, वजन ९२. बीपी १४४/९२ च्या आसपास, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेली. डॉक्टर म्हणाल्या, "आधी पाच किलो उतरवा, मग बघू." एवढ्याशा पाच किलोंनी काय होणार? गुडघा दुखतो, पळणं जमणार नाही. वेळ रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. कुणाचा अनुभव?

पायवाट:
पळा. मी वर्षभरात १४ किलो उतरवले. पाच म्हणजे काहीच नाही, पंधराचं ध्येय ठेवा.

रानवारा:
पायवाट, गुडघ्याचं त्यांनी वर लिहिलंय! माझा भाऊ असंच ऐकून पळायला लागला आणि तीन महिने घरी बसला.
घननीळ, फरक पडतो. मी ८८ वरून ८३ वर आले, वरचं बीपी सहाने उतरलं. किलोमागे साधारण एक पॉइंट धरतात. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी लवकर घटते आणि ट्रायग्लिसराइड खाली येतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र माझं जवळपास तिथेच आहे, त्याची गोळी चालू आहे.

उंबरठा:
पावलं मोजणारं घड्याळ घ्या. मी घेतल्यापासून एक दिवस चुकलेला नाही.

सांजदीप:
रानवाराला +१, फरक पडतोच. पण बीपी उतरणं वेगळं आणि झटका टळणं वेगळं. अमेरिकेत २००१ पासून 'लुक अहेड' अभ्यास झाला, टाइप २ मधुमेहाचे ५,१४५ लोक. आहार-व्यायामाच्या गटाचं वजन, साखर, बीपी सुधारलं, पण हृदयविकाराचे झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. २०१२ मध्ये तो थांबवला. पहिल्या वर्षी १० टक्के उतरवलेल्यांना फायदा दिसला. म्हणून दहा टक्क्यांचं ध्येय ठेवा.

रानवारा:
तो १० टक्क्यांचा हिशेब अभ्यास झाल्यावर मागाहून मांडलेला आहे, पक्का पुरावा नाही. त्यावरून आत्ताच दहाचं ओझं कशाला? पाच टक्क्यांनीच सुरुवात होऊ दे.

कोनाडा:
दोन गोष्टी. दंड जाड असेल तर यंत्राचा मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्यावर बीपी जास्त दिसतं. दुसरं, माझं वजन सहा किलोंनी उतरलं पण बीपीची गोळी तेवढीच राहिली. एके सकाळी न्हाणीघरात उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची चौकट धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी डोस निम्मा केला. मनाने गोळी सोडू नका, पण वजन उतरतंय हे त्यांना सांगत राहा.

पायवाट:
मला पळून कधी अंधारी आली नाही.

उंबरठा:
घड्याळात ठोकेही दिसतात.

घननीळ:
सगळ्यांचे आभार. पोहायला जायचं ठरवलंय, दिवसाआड पाऊण तास. पाण्यात गुडघा दुखत नाही, काल उतरून पाहिलं. घड्याळ नको, दहा टक्केही आत्ता नको. आधी ४.६ किलो, म्हणजे पाच टक्के.
कोनाडा, मोठा पट्टा आणला. पाच मिनिटं पाठ टेकून बसलो, मग मोजलं: १३८/८८. तरी जास्तच आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून डॉक्टरांना दाखवतो.