लॅपटॉप टीव्हीला जोडताना आलेले अनुभव : कापलेल्या कडा आणि पुसट अक्षरे

लॅपटॉप टीव्हीला जोडायला एक एचडीएमआय केबल पुरते, परंतु दोन्ही पडद्यांचे रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, वेगळे असले की खरी अडचण त्यानंतर सुरू होते. माझा लॅपटॉप १३६६ × ७६८ पिक्सेलचा आणि टीव्ही १९२० × १०८०चा. पहिल्यांदा जोडले तेव्हा अक्षरे पुसट होती आणि खालचा टास्कबार कडेबाहेर गेल्यामुळे घड्याळाच्या आकड्यांची फक्त वरची टोके दिसत होती. मी केबललाच दोष देत राहिलो. नवी केबल आणूनही चित्र तसेच राहिले.

कारणे दोन होती आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, हे उशिरा लक्षात आले. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना एकच चित्र जात असल्यामुळे टीव्हीला लॅपटॉपचे कमी पिक्सेलचे चित्र ताणून दाखवावे लागत होते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडले, रेझोल्यूशन १९२० × १०८० केले, आणि अक्षरे स्वच्छ झाली. कडा मात्र टीव्हीच कापत होता. पिक्चर ट्यूबच्या काळात कडेचे दोष झाकण्यासाठी चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीआड ढकलत असत; त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि सपाट पडद्यांना त्याची काहीच गरज नसूनही ती पद्धत अनेक टीव्हींत टिकून आहे. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ निवडल्यावर टास्कबार पूर्ण दिसला.

आपणही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. दोन्ही पडद्यांचे रेझोल्यूशन आवर्जून नोंदवावे, कारण त्याशिवाय दुसऱ्याला ताळा लावता येत नाही.

*

माझ्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ नव्हते. तीच सोय ‘स्क्रीन फिट’ या नावाने होती. काही टीव्हींत तिला ‘डॉट बाय डॉट’ म्हणतात.

*

आमचा टीव्ही ३८४० × २१६०चा आहे. जोडल्यावर चित्र सुरेख आले, पण माउसचा बाण अडखळत सरकू लागला. लॅपटॉपचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असल्यामुळे त्या रेझोल्यूशनला सेकंदाला ३० चित्रेच जात होती. ६० हवी असतील तर दोन्हीकडे २.० लागते. मी १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ ठेवले. ही संख्या उभी-आडवी दुप्पट केली की नेमकी टीव्हीची होते, म्हणून अक्षरे फारशी बिघडली नाहीत. छायाचित्रे पाहताना मात्र मी पुन्हा ३८४०वर जातो, कारण तिथे वेगाचे काही काम नसते.

*

आईला लांबून वाचता यावे म्हणून मी रेझोल्यूशन १२८० × ७२० केले होते. अक्षरे मोठी झाली, पण अनुस्वार आणि रफार शेजारच्या रेषेत मिसळून गेले, आणि ‘वर्ग’ व ‘वग’ यांतला फरक तिला कळेना. तिची दृष्टी कमी झाली, असे मला वाटले होते, याचे अजूनही वाईट वाटते. रेझोल्यूशन टीव्हीचे जे मूळ असेल तेच ठेवून डिस्प्ले सेटिंग्जमधले ‘स्केल’ १५० टक्के केल्यावर ती सोफ्यावर बसून पूर्ण पान वाचू लागली.

*

मी घरून भूमिती शिकवते. लॅपटॉप १९२० × १२००चा, म्हणजे १६:१० प्रमाणाचा, आणि टीव्ही १६:९चा. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र टीव्हीभर ताणले, तर वर्तुळ आडवे फुगले, आणि एका विद्यार्थिनीने ही लंबवर्तुळाची आकृती आहे का, असे विचारले. आता डुप्लिकेटमध्ये १९२० × १०८० ठेवते. लॅपटॉपवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, परंतु टीव्हीवर त्रिज्या कोणत्याही दिशेने मोजली तरी सारखीच भरते.