मदत हवी आहे: नेब्रास्काच्या फुटबॉल सरावात नेमकं काय बघायचं?

नमस्कार मंडळी. लेक लिंकनला नेब्रास्का विद्यापीठात शिकते, त्यामुळे घरात उठता-बसता 'हस्कर्स', म्हणजे तिथला फुटबॉल संघ. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेटवाला.) शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९९७चं. २०१७ ते २०२३ सलग सात हंगाम विजयांपेक्षा पराभवच जास्त. तरी १९६२पासून प्रत्येक घरच्या सामन्याला स्टेडियम भरलेलं! असली निष्ठा मी फक्त वारीत पाहिलीय. २०२४ला ७-६ (सात विजय, सहा पराभव) झाल्यावर लेकीच्या आशेला पुन्हा पालवी फुटली.

आता प्रश्न. वसंतात पंधराच सराव करता येतात. असाच एक बघायला गेले, तर क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) अंगात वेगळ्या रंगाची जर्सी, म्हणजे त्याला पाडायचं नाही. बचाववाले धावत येऊन हातभर अंतरावर ब्रेक लावत होते! मग त्याला वाचवणारी पुढची फळी सुधारली की नाही, हे ओळखायचं कसं? आणि आपलेच आपल्याशी खेळतात. पास अडवला तर बचाव चांगला म्हणायचा की फेक वाईट?

लेक म्हणते, इंडियाना विद्यापीठाची टीम २०२३ला ३-९ होती, पुढच्याच वर्षी ११-२. अशी झेप सरावात आधी दिसते का हो? जाणकारांनी सांगा, पण क्रिकेटच्या भाषेत.