शाळेतला स्वयंपाकाचा तास: ‘चवीपुरतं मीठ’ मुलांना शिकवायचं कसं?

गणिताच्या बाई

नमस्कार मंडळी. मी १२ वर्षं शाळेत गणित शिकवते आहे. यंदा स्वयंपाकाचा तासही माझ्याकडे आला. अकरा-बारा वर्षांची २४ मुलं, सहा टेबलं, एका टेबलाशी चौघं आणि एक शेगडी, आठवड्यातून एकदा सलग ८० मिनिटं. घरी रोजचा स्वयंपाक मीच करते, म्हणून हौसेनं हो म्हटलं.

पहिल्या तासाला भाज्यांचं सूप ठेवलं होतं. कांदा, गाजर, बटाटा, पाणी, मीठ, मिरपूड. याहून सोपं काय असणार, असं वाटलं. पण प्रत्येक टेबलावर एकच चुणचुणीत मूल सगळं करत होतं आणि बाकीचे तिघं बघत उभे होते. एका टेबलाचं सूप इतकं खारट झालं की ओतून द्यावं लागलं. दुसऱ्याचं अगदी पांचट, आणि त्यात गाजराच्या फोडी कच्च्या. मी कागदावर लिहून दिलं होतं, ‘चवीपुरतं मीठ घाला, भाज्या मऊ होईपर्यंत शिजवा’. एका मुलीनं विचारलं, “बाई, चवीपुरतं म्हणजे किती?” मला उत्तर देता आलं नाही. गणिताच्या तासाला मी असं मोघम वाक्य फळ्यावर लिहिलंच नसतं.

माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. एक मुलगा फार सावकाश चिरत होता. त्याच्या टेबलावरच्या मुलांनी सुरी त्याच्या हातातून काढून घेतली. वर्ग सुटल्यावर तो मला म्हणाला, “मला फक्त भांडी घासायला मिळाली.” तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुरुवात कुठल्या पदार्थापासून करावी? दर आठवड्याला नवा पदार्थ घ्यावा का? आणि प्रत्येकाच्या हाताला काम कसं द्यावं? ज्यांनी हा तास घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनी शेगडी

बाई, मी २२ वर्षं हा तास घेतला, आता निवृत्त आहे. तुम्ही लिहिलंत ते सगळं माझ्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात घडलं आहे. मुलांचं काही चुकलेलं नाही. चौघांत एक पातेलं दिलं की ज्याचा हात चालतो त्याच्याकडेच काम जातं, आणि सूप दिसतं तितकं सोपं नाही. त्यात चिरणं, शिजवणं आणि चव बघणं ही तीन वेगवेगळी कौशल्यं एकदम लागतात. ती एकेक करून सुटी शिकवा.

त्याआधी एक काम. प्रत्येक घरून लेखी विचारून घ्या की मुलाला काय चालत नाही. अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, तीळ यांची अ‍ॅलर्जी असू शकते, काही घरांत काही पदार्थ खातच नाहीत. हे पहिल्या तासाच्या आधी हातात हवं.

पहिला पदार्थ: उकडलेलं अंडं, दर मुलामागे एक. (ज्यांना चालत नाही त्यांना बटाटा द्या, तोही वेळ लावूनच शिकायचा असतो.) प्रत्येकानं आपल्या अंड्यावर पेन्सिलनं नाव लिहायचं. पाणी खळखळून उकळल्यावर चौघांनी आपापलं अंडं डावानं अलगद सोडायचं आणि वेगवेगळ्या वेळी काढायचं: ६, ८, १० आणि १२ मिनिटांनी. काढल्याबरोबर गार पाण्यात, नाहीतर आतली उष्णता शिजवतच राहते. मग सोलून, उभं कापून चारही ओळीनं मांडायची. सहा मिनिटांचं पिवळं वाहतं, बाराचं कोरडं भुसभुशीत होतं. पांढरं साधारण ६२ अंश सेल्सियसला आळायला लागतं आणि पिवळ्याला त्याहून थोडी जास्त उष्णता लागते, हे तेव्हा सांगा. आधी सांगितलंत तर ते नुसतं पाठ होतं. वाहत्या पिवळ्याची अंडी फक्त बघण्यासाठी ठेवा, मुलांना खायला पूर्ण आळलेलीच द्या.

आता मीठ. भाज्या उकळून गाळलेलं बिनमिठाचं पाणी पाच भांड्यांत घ्या. त्यांत लिटरला ०, ३, ६, ९ आणि १५ ग्रॅम या हिशोबानं मीठ घाला. भांड्यांवर आकडे लिहू नका, खुणेची अक्षरं लिहा. प्रत्येक मुलानं चमचाभर चाखायचं आणि आवडलेलं अक्षर वहीत लिहायचं. माझ्या वर्गांत बहुतेक मुलं ६ आणि ९ च्या आसपास थांबायची. आकडा नंतर सांगायचा. त्या दिवसापासून ‘चवीपुरतं’ हा शब्द मुलांच्या जिभेला ठाऊक झालेला असतो. सपाट चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्यात, बारीक मीठ अंदाजे ६ ग्रॅम बसतं. खडेमीठ त्याच चमच्यात कमी भरतं, म्हणून वजनकाटा हवाच. आणि चाखायला दोन चमचे द्या. पातेल्यातल्या चमच्यानं तोंडातल्या चमच्यात ओतायचं, तोंडातला परत पातेल्यात जाता कामा नये.

गाजर का कच्चं राहिलं? फोडी लहानमोठ्या होत्या म्हणून. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. तुम्ही गणिताच्या आहात, तुम्हाला हे आवडेल. मुलांना वाटतं की आच वाढवली की लवकर शिजेल. एकदा उकळी फुटली की उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही (उंच डोंगरावर तर त्याच्याही खालीच उकळतं). आच वाढवली तर पाणी लवकर आटतं, एवढंच.

चिरण्याबद्दल माझं मत ठाम आहे: मुलांना बोथट सुरी देऊ नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं पसरा म्हणजे तो सरकत नाही. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, नखं आतल्या बाजूला, सुरीचं पातं पेरांना टेकून खालीवर जाईल अशी. गोल भाजी आधी मधोमध कापून सपाट बाजूवर पालथी ठेवायची. घाई करणाऱ्या मुलांकडे माझं लक्ष जास्त असायचं. तुमचा सावकाश चिरणारा मुलगा बहुतेक बरोबर चिरत होता. त्याला सुरी परत द्या.

कामाची वाटणी म्हणाल तर शक्य तिथे वाटणीच नको. प्रत्येकाचं आपलं अंडं, आपला बटाटा, आपली फोड. एकच पातेलं असेल तेव्हा चार चिठ्ठ्या करा: सुरी, शेगडी, मोजणं-चाखणं, आवराआवर. दर १५ मिनिटांनी घंटा वाजवून चिठ्ठ्या डावीकडे सरकवा. मग भांडी घासणं कुणा एकाच्या नशिबी येत नाही.

आणि एकच पदार्थ निदान तीन आठवडे करा. पहिल्यांदा मूल तुमच्याकडे बघून करतं, दुसऱ्यांदा कागदाकडे बघून, आणि तिसऱ्यांदा पातेल्याकडे बघून. तिसऱ्या खेपेपर्यंत थांबलं नाही तर मूल पदार्थाकडे बघायला शिकतच नाही.

डावखुरी

माझी शाळेतली एक आठवण सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी डावखुरी. शाळेत बटाटे सोलायला दिलं जाणारं सोलाणं एकाच बाजूनं धार असलेलं होतं, उजव्या हातासाठी. माझी सालं जाड निघायची, अर्धा बटाटा सालांबरोबर जायचा. आमच्या शिक्षकांना वाटायचं मी लक्ष देत नाही, आणि मलाही तसंच वाटू लागलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका मैत्रिणीकडे दोन्ही बाजूंनी धार असलेलं सोलाणं हातात आलं आणि पहिल्या फटक्यात पातळ, लांबच लांब साल निघालं. मी तिथेच रडले.

बाई, २४ मुलांत दोनतीन तरी डावखुरी असतील. त्यांना टेबलाच्या डाव्या टोकाला उभं करा म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. आणि दोन्हीकडून चालणारी दोन सोलाणी घेऊन ठेवा. तो सावकाश चिरणारा मुलगा कुठल्या हातानं चिरतो, तेही एकदा बघा.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, म्हणून सुरक्षेपुरतंच लिहिते. वाफेनं भाजतं हे मुलांना खरं वाटत नाही. झाकण नेहमी आपल्यापासून लांबची कड आधी वर होईल असं उचलायला शिकवा. भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. तेलानं पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही, शेगडी बंद करून वर झाकण ठेवायचं. हे तोंडी सांगून पुरत नाही. थंड पातेलं आणि झाकण घेऊन प्रत्येक मुलाकडून एकदा करून घ्या.

भात शिकवणार असाल तर उरलेला भात डब्यात भरून दिवसभर दप्तरात ठेवू देऊ नका. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते उकळूनही टिकतात आणि कोमट भातात वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. तासातच खाऊन संपेल एवढाच शिजवा.

एका बाबतीत जुनी शेगडी यांच्याशी मी सहमत नाही. तीन आठवडे तंतोतंत तेच केलं तर माझी मुलगी तरी कंटाळेल. पदार्थ तोच ठेवून दर वेळी एकच गोष्ट बदलली तर?

जुनी शेगडी

मान्य. मीही शेवटी तसंच करायला लागलो होतो. पण एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की फरक कशामुळे पडला ते मुलांना कळत नाही.

गणिताच्या बाई

पाच आठवडे झाले, म्हणून परत लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, मनापासून.

अंड्यांचा तास अप्रतिम झाला. २१ अंडी, तीन बटाटे. फळ्यावर मिनिटांचा तक्ता काढला आणि मुलांनी कापलेली अंडी त्याच्या समोर ओळीनं मांडली. एक मुलगी म्हणाली, “आठ आणि दहाच्या मध्ये काहीतरी होतं, नऊचं करूया.” माझ्या गणिताच्या तासाला असा प्रश्न आपणहून क्वचित आला आहे. मिठाच्या तासाला वर्गाचे दोन तट पडले, ६ वाले आणि ९ वाले. म्हणून आता आमच्या कागदावर ‘चवीपुरतं’ नाही. ‘लिटरला ६ ग्रॅम घाला, चाखा, मग ठरवा’ असं आहे.

डावखुरी, तुमचं वाचून मी दुसऱ्याच दिवशी बघितलं. तो मुलगा उजव्याच हातानं चिरतो, सावकाशपणा त्याचा स्वतःचा आहे. पण वर्गात डावखुऱ्या दोन मुली निघाल्या, त्यांच्यासाठी सोलाणी आणली. एकीनं बटाटा सोलून साल माझ्यासमोर धरलं, खिडकीतला उजेड त्यातून दिसत होता.

सुपाकडे आम्ही चौथ्या आठवड्यात परत वळलो. या वेळी फूटपट्टी घेऊन बसलो, सगळ्या फोडी एक सेंटिमीटरच्या. त्या मुलाच्या टेबलानं फोडी करायचं काम त्याच्याकडेच ठेवलं, घंटा वाजली तरी चिठ्ठी सरकवू दिली नाही. मी नियम मोडू दिला. त्याच्या गाजराच्या फोडी फाशांसारख्या एकसारख्या होत्या आणि त्या टेबलाच्या सुपात एकही कच्ची निघाली नाही. नंतर भांडी त्यानं घासलीच, पण या वेळी चौघं मिळून घासत होते.

आता एक शंका. चौपटीचं गणित तपासायला आम्ही उकळत्या पाण्यात बटाट्याचे १ आणि २ सेंटिमीटरचे तुकडे टाकले, दर मिनिटाला काटा टोचून पाहिला. लहान तुकडा ८ मिनिटांत मऊ झाला, मोठा १४ मिनिटांत. चौपट सोडाच, दुप्पटही नाही. मुलं विचारताहेत की मग बरोबर कोण, आपण की ते आजोबा?

जुनी शेगडी

दोघंही बरोबर, असं त्यांना सांगा. मी फक्त उष्णता आत पोचण्याबद्दल बोललो, तिथे चौपट खरंच आहे. पण उष्णता पोचली की बटाटा लगेच मऊ होत नाही. त्यातला स्टार्च फुगायला आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटायला वेळ लागतो. तो वेळ लहान तुकड्याला आणि मोठ्या तुकड्याला जवळपास सारखाच. एक भाग चौपट झाला, दुसरा आहे तेवढाच राहिला, आणि काट्यानं तुम्ही दोन्हींची बेरीज मोजलीत. हे मी पहिल्यांदाच नीट लिहायला हवं होतं.

१ आणि २ सेंटिमीटरचे आकडे तुमच्याकडे आहेत. त्यातून पोचण्याचा वेळ किती आणि मऊ होण्याचा किती, ते मुलांकडून वेगळं काढून घ्या. मग ३ सेंटिमीटरच्या तुकड्याला किती मिनिटं लागतील ते प्रत्येकानं वहीत लिहू दे, आणि त्यानंतरच शेगडी पेटवा.