मदत हवी आहे: फ्लूच्या विषाणूतलं मॅट्रिक्स प्रोटीन (उद्या सेमिनार!!)

चकलीचा_वेढा: उद्या ११ वाजता सेमिनार, विषय मॅट्रिक्स प्रोटीन. स्लाइड्स तयार आहेत, पण एका जागी घोडं अडलंय. आज तालमीला मॅडमनी विचारलं, "हे आतल्या आरएनपीला (म्हणजे प्रोटीनने गुंडाळलेल्या विषाणूच्या आरएनएला) धरून बसतं म्हणतेस, मग पेशीत शिरल्यावर सोडतं कशाला? आणि शेवटी पुन्हा धरतं ते कसं?" मी गप्प. पुस्तकात 'रचनात्मक भूमिका' एवढंच लिहिलंय. सोप्या भाषेत सांगा ना कुणीतरी. गूगल कर म्हणू नका, केलंय.

लिंबू_सरबत: कुठलं मॅट्रिक्स? एम-१ की एम-२? जीनोमच्या सातव्या तुकड्यातूनच दोन्ही येतात. एमएस्सी आहेस की एमबीबीएस?

चकलीचा_वेढा: एम-१ हो, दुसरं कुठलं असणार! एमएस्सी मायक्रो.

गुंता_सोडवा: एम-१ म्हणजे कोटाचं अस्तर समज. बाहेर चरबीचं आवरण, त्यात एचए आणि एनए या प्रोटीन्सचे काटे. त्यांची शेपटं आतल्या बाजूला अस्तराला टेकतात, आणि अस्तराच्या आत आरएनपी. विषाणूत सगळ्यात जास्त संख्येने असणारं प्रोटीन हेच.
आता सोडतं का? विषाणू एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या पिशवीत) गेला की तिथे आम्ल वाढतं. एम-२ हे प्रोटॉनचं दार आहे, त्यातून आम्ल विषाणूच्या पोटात शिरतं आणि एम-१ची पकड ढिली होते. आरएनपी मोकळं झालं तरच केंद्रकात जातं. एम-१ चिकटून राहिलं तर आत प्रवेश नाही.

खडूस_काका: अमँटाडीन (फ्लूचं जुनं औषध) द्या, एम-१ जागच्या जागी बंद.

गुंता_सोडवा: काका, अमँटाडीन एम-२चं दार अडवतं, एम-१ला हातही लावत नाही. आणि हल्ली फिरणाऱ्या जवळपास सगळ्या ए फ्लूंवर ते चालत नाही. एम-२मध्ये ३१व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजीन बसलंय. २००९चा एच१एन१ तर आला तोच असा.

खडूस_काका: आमच्या वेळी चालायचं.

पुणेरी_आजी: २००९ म्हटलं की आठवतं गं. नातवाच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून शाळेत धाडायचो. मास्क मिळेना, शेवटी जुन्या धोतराचे शिवले. सेमिनारच्या आधी गरम पाणी पी, घसा मोकळा राहतो.

पिपेट_वाला: आमच्या लॅबमध्ये फ्लू-एच्या आरटी-पीसीआरला एम जीनच (तो सातवा तुकडा) धरतो. एचए दरवर्षी रंग बदलतं, एम फारसा बदलत नाही. हे स्लाइडवर टाक, मार्क मिळतात.

लिंबू_सरबत: तिने चाचणीचं विचारलंच नाहीये. 'पुन्हा धरतं कसं' राहिलंच की. नवं एम-१ केंद्रकात शिरतं, नव्या आरएनपीला आणि एनईपीला (विषाणूचंच बाहेर नेणारं प्रोटीन) जोडतं. एनईपी पेशीच्या सीआरएम-१ या वाहकाला धरतं आणि सगळी वरात बाहेर पडते. एम-१ अंगावर असल्याने आरएनपी परत आत वळत नाही. मग पेशीपटलाखाली एम-१ रांगेत जमतं आणि नव्या विषाणूची कळी फुटते. शेवटी ती कळी तोडून वेगळी करायचं काम बहुतेक एम-२ करतं.

गुंता_सोडवा: रांगेत म्हणजे मळसूत्रासारख्या वळणाने. २०२०मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने (गोठवलेल्या नमुन्याचं त्रिमितीय चित्र) विषाणूच्या आतच ती रचना दिसली. कण गोल होणार की दोऱ्यासारखा लांब, हेही बरंचसं एम-१वरच ठरतं.

चकलीचा_वेढा: वा! पण इथे एम-२, एम-२ चाललंय. माझा सेमिनार इन्फ्लुएन्झा बीवर आहे. त्यात एम-२ असतं का?

लिंबू_सरबत: बी?! हे आत्ता सांगतेस?

चकलीचा_वेढा: मला वाटलं फ्लू म्हणजे फ्लू, सारखंच असेल.

पिपेट_वाला: मग माझी एम जीनवाली स्लाइड काढ. ती चाचणी ए पकडते.

गुंता_सोडवा: बीमध्ये त्या जागी बीएम-२ असतं. काम तेच, प्रोटॉनचं दार, पण अमँटाडीन त्याला अडवत नाही. (काका, ऐकताय ना?) बनण्याची तऱ्हाही वेगळी. एमध्ये एम-२ स्प्लायसिंगने (आरएनए कापून-जोडून) येतं. बीमध्ये एम-१चा शेवट आणि बीएम-२ची सुरुवात आरएनएच्या यूएएयूजी या पाच अक्षरांत एकमेकांवर चढलेली असतात. रायबोसोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) एक संपवून तिथेच दुसरं सुरू करतो. मॅडमना हे सांग. मात्र एम-१ आधी सोडतं आणि नंतर धरतं, ती चाल दोन्हीकडे साधारण सारखीच.

चकलीचा_वेढा: थँक्यू थँक्यू! स्लाइड ७पासून सगळं बदलावं लागणार. कुणाकडे बीएम-२ची चांगली आकृती आहे का? हाताने काढलेली चालेल.

पुणेरी_आजी: जेवलीस का पण?