क्लबच्या "कॉलेज कमिट" जाहिरातींवर कितपत विश्वास ठेवायचा? (मुलींचं सॉकर, अमेरिका)

जुईची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक आठवीत आहे, गोलकीपर, सहा वर्षांची असल्यापासून खेळतेय. आत्ताचा क्लब छोटा आहे, कोच चांगले आहेत, पण सगळे म्हणतात हायस्कूलच्या आधी मोठ्या क्लबमध्ये गेलं पाहिजे म्हणून मागच्या आठवड्यात एका ट्रायआउटला (निवड चाचणीला) गेलो. तिथे मैदानाच्या जाळीला हा एवढा मोठा बॅनर, यंदाच्या सिनियर, म्हणजे बारावीच्या, मुलींचे फोटो, प्रत्येकीखाली ती जिथे खेळायला "कमिट" झाली, म्हणजे जिथे जायचं ठरलं, त्या कॉलेजचा लोगो आणि वर लिहिलेलं की आमच्या शंभर टक्के सिनियर्स कॉलेजमध्ये खेळायला जातात. जुई ग्लव्हज काखेत धरून त्या बॅनरसमोर उभी राहून एकेक नाव वाचत होती, मला म्हणाली आई, यातल्या दोघी गोलकीपर आहेत. तिचा तेव्हाचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

रात्री मी इन्स्टाग्राम उघडलं तर त्या दोघींपैकी एकीचा फोटो दुसऱ्याच एका क्लबच्या पानावर, तेच कॉलेज, खाली "आमच्या खेळाडूचं अभिनंदन". म्हणजे ती नक्की कोणाची? आता ऑफर आलीये, 48 तासांत डिपॉझिट भरा म्हणतात, फी आत्ताच्या दुपटीहून जास्त आणि हॉटेल-विमान वेगळं. डायरेक्टरना विचारलं की या मुली तुमच्याकडे किती वर्षं होत्या, तर ते म्हणाले "सगळ्या आमच्याच आहेत." पैशापेक्षा मला ही भीती वाटते की तेरा वर्षांच्या पोरीला आपण काहीतरी खोटं दाखवतोय. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा, हे आकडे तपासायचे कसे?

बोस्टनकर:
ताई, तपासता येतात, आणि फुकटात. प्रत्येक कॉलेजच्या टीमचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, वेबसाइटवर असतं, मुलीच्या नावावर क्लिक केलं की गाव, हायस्कूल आणि बऱ्याचदा क्लबही दिसतो. आम्ही मुलाच्या वेळी क्लबची दोन वर्षांपूर्वीची "कमिट" पोस्ट काढली आणि एका रविवारी एकेक नाव शोधत बसलो. काही मुलं पहिल्या वर्षानंतर रोस्टरवरून गायब, दोघं तर रोस्टरवर कधी आलेच नव्हते कारण ते कॉलेजच्या क्लब टीममध्ये खेळत होते, म्हणजे विद्यार्थी आपापसात चालवतात ती टीम, तिला कोणी रिक्रूट करत नाही. आणि निदान तीन मुलं अकरावीत दुसरीकडून आलेली, म्हणजे घडवलं कोणी आणि बॅनर कोणाचा.

शंभर टक्के म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा की शंभर टक्के कोणाचे? नववीत त्या टीममध्ये किती जणी होत्या आणि बारावीला किती उरल्या? ज्यांना मधेच बी टीममध्ये ढकललं, ज्यांनी गुडघा गेला म्हणून सोडलं, ज्या खेळायला न मिळाल्यामुळे कंटाळून गेल्या, त्या मोजणीतच नसतात. शेवटी उरलेल्यांचे शंभर टक्के काढायला काय लागतं.

अजून एक, कमिट हा शब्दच सैल आहे. तोंडी होकार दोन्हीकडून कधीही मोडू शकतो. पूर्वी सिनियर वर्षात नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे त्या कॉलेजात जाण्याच्या बंधनकारक करारावर, सही व्हायची, ते 2024 मध्ये बंद झालं, आता कॉलेजशी थेट आर्थिक मदतीचा करार होतो. क्लबची पोस्ट मात्र तोंडी होकाराच्या दिवशीच पडते आणि पुढे काही बिनसलं तर ती कोणी काढत नाही.

निशिगंधा:
माझी मुलगी डिव्हिजन 3 ला (कॉलेज खेळांच्या तीन गटांतला तिसरा, सगळ्यात वरचा डिव्हिजन 1) खेळते आणि खूप आनंदात आहे, त्यामुळे आधीच सांगते, डिव्हिजन 3 ला कमी लेखू नका, एमआयटी, टफ्ट्स, विल्यम्स सगळी तिथेच खेळतात. पण डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, एक डॉलरही नाही. (आयव्ही लीग डिव्हिजन 1 असून तिथेही नाही.) तिला जी मदत मिळाली ती मार्कांवर आणि आमच्या उत्पन्नावर. आणि क्लबने पोस्टरवर काय लिहावं? "सॉकर स्कॉलरशिप मिळवल्याबद्दल अभिनंदन."

मी त्याच संध्याकाळी ईमेल केला की हे खरं नाही, शब्द बदला. उत्तर आलं की सगळेच असं लिहितात आणि यात मुलीचा गौरवच आहे. मला इतका राग आला, कारण बारावीच्या मार्कांसाठी ती मॅचहून परत येताना गाडीत मोबाईलच्या उजेडात केमिस्ट्रीची गणितं सोडवायची, ते तिचं श्रेय होतं, क्लबचं नव्हतं. तीनदा लिहिल्यावर पोस्ट बदलली, पण तोवर खालच्या वयोगटातल्या चार आयांनी मला मेसेज करून विचारलं होतं की किती मिळाली हो स्कॉलरशिप. त्या आकड्यावर त्यांचे पुढचे निर्णय होणार होते ना.

शनिवारचा_कोच:
मी वीकेंडला बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो, थोडं आतून सांगतो. ट्रायआउटच्या सीझनमध्ये पालकांचा पहिला प्रश्न असतो "तुमचे किती कमिट?" आणि दुसरा "तुम्ही ईसीएनएलमध्ये (क्लबांच्या मोठ्या राष्ट्रीय लीगमध्ये) आहात का?" मुलीला काय शिकवाल हे फार कमी जण विचारतात. समोरच्या क्लबने चाळीस लोगो लावले की आमच्या डायरेक्टरलाही लावावेसे वाटतात. याने खोटं खरं होत नाही, पण ते कुठून येतं ते कळावं म्हणून सांगितलं.

लीगचं म्हणाल तर त्याला अर्थ आहे, शोकेसला, म्हणजे कॉलेजच्या कोचना खेळ दाखवायच्या स्पर्धांना, कॉलेजचे कोच खुर्च्या टाकून बसलेले असतात हे मी बघितलंय. पण मैदानावर आणून उभं करणं आणि कॉलेजमध्ये पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिव्हिजन 1 चे कोच दहावी संपल्यावरच्या 15 जूनपासून मुलीशी रिक्रूटिंगबद्दल थेट बोलू शकतात, त्याआधी मुलीनेच ईमेल लिहायचे, व्हिडिओ पाठवायचे, कॅम्पला जायचं. चांगला क्लब काय करतो, तर कॉलेजच्या कोचचा फोन आला की खरं सांगतो, ही मुलगी तुमच्या लेव्हलची आहे किंवा नाही. एकदा एखाद्या डायरेक्टरने वाढवून सांगितलं की पुढच्या वेळी त्याचा फोन कोणी उचलत नाही, त्यामुळे पालकांशी जो खोटं बोलतो त्याचा तिथे काय उपयोग होणार?

आणि आता जागा आकसल्यात. मुलींच्या डिव्हिजन 1 टीमला पूर्वी सगळ्या मिळून 14 फुल स्कॉलरशिपची मर्यादा होती, त्या तुकडे करून वाटायचे, मुलांना तर 9.9 च. जून 2025 मध्ये हाऊस केसची (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या खटल्याची) तडजोड मंजूर झाल्यावर जी कॉलेजं त्यात आली तिथली स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण रोस्टर 28 वर बांधलं गेलं, आणि मर्यादा गेली म्हणजे पैसा आला असं नाही. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार खेळाडू मिळते तर कोच सतरा वर्षांच्या मुलीसाठी जागा का अडवून ठेवेल? म्हणून 2022 चा बॅनर दाखवून 2030 ला कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आशा लावणं मला पटत नाही. तुमची गोलकीपर आहे ना, मग टीमला तीन किंवा चार गोलकीपर, त्यातली एक खेळणार. ज्या कॉलेजात दोन गोलकीपर पहिल्या वर्षाला आहेत तिथे पुढची दोन वर्षं बहुधा कोणाला घेणारच नाहीत, मग क्लब कितीही मोठा असो.

मूळचा_लातूरकर:
हे वाचून गावची आठवण झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एकाच टॉपरचा फोटो तीन-तीन क्लासच्या जाहिरातीत, एकाकडे तो दोन वर्षं शिकलेला, दुसऱ्याकडे फक्त टेस्ट सिरीज दिलेली. भारतात त्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम आणले, फोटो वापरायचा तर निवड झाल्यावर मुलाची लेखी परवानगी हवी, त्याने कोणता कोर्स केला ते फोटोबरोबर लिहायचं, आणि शंभर टक्के सिलेक्शनसारखे दावे करायचेच नाहीत. इथल्या क्लबनी स्वतःहून एवढंच केलं, फोटोखाली "आमच्याकडे 2019 ते 2026" किंवा "आमच्याकडे सहा महिने" असं लिहिलं, तरी निम्मा गोंधळ मिटेल. ताई, 48 तासांच्या दबावाला बळी पडू नका, गोलकीपर सहज मिळत नाहीत, ते थांबतील.

जुईची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री जुई आणि मी मिळून बोस्टनकरांनी सांगितलं तसं रोस्टर शोधत बसलो. बॅनरवरच्या दुसऱ्या गोलकीपरचंच नाव घेतलं. ती जिथे जाणार आहे तिथे आत्ता चार गोलकीपर आहेत आणि त्यातल्या तिघी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला. जुई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली म्हणजे ती तिथे जाऊन खेळणारच नाही? मी म्हटलं खेळेलही, पण वाट बघावी लागेल, आणि हे बॅनरवर लिहिलेलं नव्हतं.

आज सकाळी डायरेक्टरना तीनच प्रश्न लिहून पाठवले: गेल्या तीन वर्षांच्या सिनियर्सपैकी प्रत्येक जण तुमच्याकडे कधी आली, नववीत त्यांच्या टीममध्ये किती जणी होत्या, आणि त्यातल्या किती जणी आज रोस्टरवर आहेत. उत्तर आलं की खासगीपणामुळे अशी माहिती देता येत नाही. नावं आणि फोटो बॅनरवर आहेत, मी फक्त वर्षं विचारली होती. डिपॉझिट भरलेलं नाही.

अजून एका क्लबचा ट्रायआउट मंगळवारी आहे, तिथल्या कोचनी फोनवर आपणहून सांगितलं की गेल्या वर्षी आमच्या सहा मुली कॉलेजला खेळायला गेल्या, पाच जणींनी खेळणं सोडलं, आणि गोलकीपरचं वेगळं ट्रेनिंग आठवड्यातून एकदाच असतं. शनिवारचे कोच, एकदा पुरेसं आहे का हो या वयात, की बाहेरून अजून लावावं?